डॉबसनांच्या तळ्यावरचे एझ्राकाका

एझ्राकाकांना शनिवारी फोन करून उपयोग नसे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवत, झाकण घट्ट लावत, आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय तो डबा उघडत नसत. ढगाळ हवा असली की पंचाईत. मग ते खिडकीशी बसून राहत आणि ढगांमागे तारे उगवले असतील अशी खात्री पटली की उठत. ही खात्री पटायला त्यांना नेहमी अर्धा तास जास्तच लागे.

माझी त्यांची ओळख मात्र शनिवारीच झाली. मी बांध तपासणारी इंजिनिअर. मोठी धरणं माझ्याकडे कधी आली नाहीत. ओढ्यांवरचे शंभर-दीडशे वर्षांचे जुने बांध, ज्यांचे मालक एकतर वारलेले असतात किंवा पत्राला उत्तर देत नाहीत, ते माझ्या वाट्याला. मी राहते त्या कनाटाहून पश्चिमेला तासभर गेलं की हायवे सोडून एक खडीचा रस्ता लागतो. त्याच्या टोकाला डॉबसन मिल, जुनी पाणचक्की. फाइलीत मालकाचं नाव 'ई. नागावकर' होतं. कोणीतरी हौसेनं कॉटेज म्हणून घेतलं असेल आणि दोन उन्हाळ्यांत कंटाळून सोडलं असेल, असं मी धरून चालले होते.

दारात पांढऱ्या शर्टातला, सस्पेंडर लावलेला एक उंच म्हातारा उभा होता. माझं कार्ड त्यांनी हातात घेतलं नाही, मी धरलं होतं तिथूनच वाचलं.

"कुलकर्णी," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही लिहिणार आणि आम्ही भोगणार. आज शनवार आहे, इंजिनियरीणबाई. तुम्हाला हवं ते मोजा. मी काही उघडणार नाय, उचलणार नाय, सही तर करणारच नाय. चहा कालचा आहे थर्मासात, तो मात्र देईन."

चहा घशाखाली उतरण्यासारखा नव्हता. मी तो कप खिडकीत ठेवून मागच्या बाजूला चाक बघायला गेले. पुरुषभर उंचीच्या दुप्पट लाकडी चाक, शेवाळलेलं, स्थिर. मी टेप काढला आणि ते करकरलं. वीतभर फिरलं आणि थांबलं. चाकावर पाणी आणणाऱ्या पन्हाळीचं फाटक बंद होतं. वळून पाहिलं तर म्हातारा माझ्यामागे येऊन उभा.

"ऐकू आलं?"

"गळती आहे," मी म्हटलं. "फाटकाच्या फटीतून थेंब थेंब पाणी येतं, चाकाच्या खणात साचतं, वजन झालं की चाक जरासं फिरतं."

"बरोबर. फक्त शनवारीच का गळतं, तेवढं रिपोर्टात लिहा."

"बाकीच्या दिवशी चक्की चालू असते, काका. हे करकरणं कोणाला ऐकू येणार?"

त्यांनी विचार केला. "तेही आहे," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं की समजावून सांगितल्यावर माणसाला बरं वाटतं. माझा तो समज त्या घरी पुष्कळदा खोटा ठरला.

एझ्रा नागावकर बेने इस्राएल ज्यू, अलिबागजवळच्या नागावचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून पंचक्रोशी त्यांना शनवार तेली म्हणायची. "आजोबांच्या बैलालासुद्धा वार कळायचा," काका सांगत. "शनवारी त्याच्यासमोर जू धरलं तर तोंड फिरवायचा." तरुणपणी ते मॉन्ट्रियलला आले, विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिले, आणि फ्रेंचपैकी 'बों', म्हणजे 'बरं', एवढा एक शब्द घेऊन निवृत्त झाले. तो मात्र सगळीकडे चाले. "बों, जेवायला बस." "बों, आता निघ, स्नो येतोय, विंटर टायर्स बसवलेस का?" दुसऱ्या भेटीपासूनच ते मला अगं-तुगं करू लागले होते.

निवृत्त झालेली माणसं फ्लोरिडाला जातात. हे बायकोला, एलिशेबाला, घेऊन पाणचक्की बघायला गेले. विकणाऱ्या बाई म्हणजे मिस डॉबसन, घराण्यातल्या शेवटच्या. लग्न न केलेल्या, नव्वदीला टेकलेल्या. गिऱ्हाईकं पुष्कळ आली होती, सगळ्यांना तळ्याकाठी घरं बांधायची होती. एझ्राकाकांनी एवढंच सांगितलं की चक्की चालवीन, पण शनिवारी बंद ठेवीन. डॉबसन मंडळी कडक धार्मिक, त्यांची चक्की चार पिढ्या रविवारी बंद. बाई म्हणाल्या, वार कुठला का असेना, पाण्याला एक दिवस विसावा मिळाला की झालं. पुढे त्या गावातल्याच वृद्धाश्रमात होत्या, तर त्यांच्या मानासाठी काका रविवारीही चक्की बंद ठेवत. आठवड्याचे दोन दिवस सुट्टी घेणारी ती त्या भागातली एकमेव चक्की असावी.

डॉबसनांचा इतिहास मला फाइलीतून जेवढा कळला त्याच्या दसपट काकांनी सांगितला, आणि आपल्याच भाऊबंदांबद्दल बोलावं तसा. "आमचे थोरले डॉबसन फार हट्टी." थोरल्यांनी ओढा अडवला तेव्हा सीडारचं रान न तोडताच पाण्याखाली घातलं. त्याचे बुंधे अजून तळाशी उभे आहेत आणि उन्हाळ्यात पाणी निवळलं की होडीतून दिसतात. मधल्यांनी बर्फाच्या लाद्या कापून विकल्या. धाकट्यांचा मुलगा, म्हणजे मिस डॉबसनचा भाऊ, स्केट घालून पातळ बर्फावर गेला आणि तीन दिवसांनी त्या बुंध्यांत अडकलेला सापडला. "तळं आपल्या मालकांना ओळखतं," काका म्हणत. मी असल्या बोलण्याला 'हूं' म्हणून पुढच्या मोजमापाला लागे. खरं सांगायचं तर बुंधे बघायला होडीत बसायचं मी दोनदा टाळलं.

तळ्याच्या बाजूला चक्कीचं एक खालचं दार आहे. उन्हाळ्यात त्याच्या उंबऱ्यावर बसून पाण्यात पाय सोडता येतात. बर्फ वितळायला लागला की पाणी उंबरा ओलांडून चौकटीवर चढतं. चौकटीच्या उजव्या खांबावर काकांनी लावलेली मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची चिठ्ठी ठेवलेली छोटी नळी. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची सवय. डाव्या खांबावर डॉबसनांच्या खाचा. दर वसंतात पाणी जिथवर चढलं तिथे एक खाच आणि तिच्याशेजारी वर्ष. पहिल्या बांधापासून आजवर. काकांनीही ती रीत चालू ठेवली होती, फक्त आकडे मराठी.

सगळ्या खाचांच्या वर, गुडघ्याच्या उंचीला, एक खोल फुली होती. थोरल्यांनी कोरलेली. घर विकताना मिस डॉबसननी एकच अट घातली होती ती याच फुलीबद्दल: तिला पाणी लागलं की वार बघायचा नाही, उठायचं आणि बांधाच्या फळ्या काढायच्या. काकांनी ती आनंदानं मान्य केली होती. जीव वाचवायला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, मोडावाच लागतो, तसं आमच्यातही आहे, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं.

खांबावर दोन वर्षं कोरी आहेत हे माझ्या लक्षात आलं ते आकडे उतरवून घेताना. एक खूप जुनं. दुसरं मी पहिल्यांदा आले त्याच्या सहा वर्षं आधीचं. मी विचारलं तर काका म्हणाले, "ज्या वर्षी तळं माणूस घेतं, त्या वर्षीची खाच करायची नसते. डॉबसनांची रीत." जुनं वर्ष स्केटवाल्या मुलाचं हे मी ओळखलं. दुसरं कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

ते मला गॉर्डनं सांगितलं. बांधाच्या खाली ओढ्याकाठी त्याचं घर आणि कोंबड्यांची शेड. मला बांध समजून घ्यायचा होता, म्हणून तो मला वर घेऊन गेला. बांधाच्या मधोमध मोकळी खिंड, तिच्यात एकावर एक आडव्या बसवलेल्या ओकच्या फळ्या. पाणी सोडायचं तर वरून एकेक फळी काढायची. प्रत्येक टोकाला एक माणूस, दोघांच्या हातांत लांब दांड्याची आकडी, मोजून एकाच वेळी उचलायचं. एकट्यानं उचललं तर एक टोक आधी सुटतं, पाणी फळीला गरकन फिरवतं आणि ती माणसाला घेऊन जाते.

"एलिशेबा माझ्या कोंबड्यांसाठी एकटीच फळ्या काढायला गेली, उजव्या टोकाला," गॉर्ड इंग्रजीत म्हणाला. "सॅटर्डे होता. मी गावात होतो. एझ्रा घरात होता." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "तो म्हणतो, पाणी फुलीच्या चार बोटं खाली होतं. म्हणजे त्याचं काही चुकलं नाही. मी त्याला तेच सांगतो. त्या दिवसापासून शनिवारच्या फळ्या मी आणि माझा जावई काढतो."

तेव्हा मला काकांची एक सवय उलगडली. फळ्यांवरच्या अरुंद पुलावरून जाताना ते नेहमी डाव्या कठड्याला घासून चालत आणि मागून येणाऱ्यालाही सांगत, "डावीकडून, डावीकडून." मला वाटायचं की उजवीकडची लाकडं कुजली आहेत. ती मी दोनदा ठोकून पाहिली होती. ठणठणीत होती.

एवढं झाल्यावर माणूस शब्बाथ सोडून देईल असं कोणालाही वाटेल. काकांनी तो अधिक कडक केला. एकदा पोह्यांना नारळ-गूळ लावताना ते आपण होऊन बोलले. "आवी म्हणतो, डॅड, गॉड विल अंडरस्टँड." आवी म्हणजे त्यांचा मुलगा, मार्कहॅमला असतो, वडिलांनी कॉन्डोत यावं म्हणून दर महिन्याला भांडतो. "देवाचं मी बघून घेईन गं. पण आता शनवारी उठलो, तर ती विचारील ना, मग त्या दिवशी का नाय उठलास? काय सांगू तिला?"

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण हा प्रश्न भुताचा नव्हताच.

अहवालात खरं लिहायचं तर एकच वाक्य पुरेसं होतं: बांध जुना, हातानं चालवायचा, मालक ऐंशीच्या घरात, तळं रिकामं करावं. मी ते लिहिलंही. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्यानंतर कर. मला तळ दाखवू नको." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी ते वाक्य खोडलं आणि त्याऐवजी अट घातली: सातही दिवस फळ्या काढायला दोन धडधाकट माणसं हजर असावीत. हा माझा भित्रेपणा होता. मी त्याला त्यावेळी माणुसकी म्हणत होते.

पुढे गॉर्डचा जावई अल्बर्टाला नोकरीला गेला. बायको आणि दोन लहान मुलांना गॉर्डकडे बेसमेंटमध्ये ठेवून गेला. तो हिवाळा सरता सरता गॉर्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हे मला कोणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी, चांगला फूट-दीड फूट बर्फ जमिनीवर असताना, पाऊस सुरू झाला. बर्फावर पडणारा ऊबदार पाऊस म्हणजे आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बातमी. मी काकांना फोन लावला. तो पिठाच्या डब्यात वाजत असणार. गॉर्डला लावला, तो हॉस्पिटलमधून बोलला: जावई नाही, घरी लेक आणि मुलंच आहेत. मी गाडी काढली.

पोचले तेव्हा अकरा वाजले होते. काका खिडकीशी, पांढऱ्या शर्टात. खालचं दार उघडं आणि चौकटीवर पाणी चढत होतं. फुलीच्या दोन बोटं खाली.

"काका, गॉर्डची लेक आणि मुलं?"

"बेसमेंटमध्ये असतील. पाणी अजून फुलीला लागलं नाय."

"लागेल. तासाभरात लागेल, आणि पाणी या वेगानं चढत राहिलं तर त्यानंतर फळ्या निघणार नाहीत. मी मुनिसिपालिटीला फोन केलाय, त्यांची माणसं दुपारी दोनपर्यंत येतील म्हणतात."

"मग दोनला निघतील."

"दोनला बांध नसेल, काका."

ते तळ्याकडे बघत राहिले. चाक करकरलं. मला त्या क्षणी इतका राग आला की मी त्यांच्या वयाचा, दुःखाचा, कशाचाच विचार केला नाही. गॉर्डच्या लेकीला फोन करून मुलांना घेऊन वर रस्त्यावर जायला सांगितलं, कोपऱ्यातली एक आकडी उचलली आणि बाहेर पडले. एकट्यानं फळी काढायची नसते हे मला पूर्ण माहीत होतं. मी ते माझ्या हातानं अहवालात लिहिलं होतं.

पुलावर पाऊस, खाली पाण्याचा एकसारखा आवाज. मी उजव्या टोकाला उभी राहिले, आकडी फळीच्या कडीत अडकवली. मागे दार आपटलं. काका अनवाणी येत होते, दुसरी आकडी हातात, डाव्या कठड्याला धरून. ऐंशीचा माणूस ओल्या लाकडावरून इतक्या झपझप चालतो हे मला खरं वाटेना.

"हात काढ," ते ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. "मी लावल्याशिवाय उचलू नको. किती वेळा सांगितलं तुला?"

मला त्यांनी ते एकदाही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी आकडी लावली. "एक, दोन, आणि हं." फळी सरळ वर आली. दुसरी. तिसरी. प्रत्येक फळीनंतर ते माझ्याकडे बघत, पण नजर माझ्या चेहऱ्यावर थांबत नव्हती, किंचित बाजूला जात होती. पाच फळ्या निघाल्या तेव्हा पाणी खिंडीतून धो धो जायला लागलं, ओढ्याच्या पात्रातून, शेडपासून हातभर अंतर ठेवून. वर रस्त्यावर गाडीत गॉर्डची लेक मुलांना कुशीत घेऊन बसलेली दिसत होती. काका कठड्याला टेकले. "ये म्हणून हाक मारली होती गं तिनं," ते म्हणाले. "दुसऱ्या टोकाला ये, एवढंच. मी म्हटलं, तीन तारे दिसू देत."

मी त्यांना धरून घरात आणलं. चुलीत लाकूड मीच घातलं, ते त्यांनी घालू दिलं.

रविवारी सकाळी मी पाहणीसाठी पुन्हा गेले. टेबलावर मलिदा होता, गूळ-खोबऱ्याचे पोहे, एलियाहू हन्नबी या पैगंबराच्या नावानं, कोणी बुडालं नाही म्हणून. तळं चांगलं पुरुषभर उतरलं होतं आणि कडेचे काही काळे बुंधे वर आले होते. पन्हाळ आणि चाक आम्ही दोघांनी मिळून तपासलं. मग काका जात्याच्या दगडांना टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी घेऊन खालच्या दारात गुडघ्यावर बसले. या वर्षीची खाच फुलीच्या दोन बोटं खाली केली. शेजारी वर्ष कोरलं. मला वाटलं, झालं.

त्यांनी छिन्नी उचलली आणि फुलीच्या वर धरली. डाव्या हाताची चार बोटं फुलीवर आडवी ठेवून त्यांच्या वर. घाव घातला. एक खाच, खोल. शेजारी वर्ष नाही, नुसतं 'शी'. एलिशेबाला ते शीबा म्हणत.

"काका, गॉर्ड तर म्हणाला होता, चार बोटं खाली."

"चार बोटं खरी होती," ते म्हणाले. "बाजू खोटी सांगितली. तिला, गॉर्डला, आवीला. त्या दिवशी सकाळीच फुली बुडाली होती. मी इथंच, ह्याच दारात उभा राहून बघितली." त्यांनी भुसा फुंकून काढला. "काल पाणी खाली होतं तरी उठलो. आता विचारील तेव्हा खरं सांगीन. आता तू रिपोर्ट लिही. रिकामं कर."

मागे चाक करकरलं. वीतभर फिरलं आणि थांबलं. काकांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं.

"गळती," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. पन्हाळ ठणठणीत कोरडी होती, ते आम्ही दोघांनी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं.

तळं त्या ऑगस्टमध्ये रिकामं केलं. काका तोवर मार्कहॅमला गेले होते आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच, गाडी मागे घेताना, आरशात. ते पुलावर जाऊन उभे होते, दोन्ही आकड्या हातात घेऊन. एक त्यांनी उजव्या कठड्याला टेकवून ठेवली. दुसरी घेऊन ते डावीकडच्या टोकाला गेले आणि वळून वाट बघत उभे राहिले.